नवं धरण न बांधता वाढत्या शहराला पाणी : कामं कोणत्या क्रमाने करायची

नाथसागर भरला की दरवाजे उघडल्याचे फोटो छापून येतात, आणि त्याच आठवड्यात छत्रपती संभाजीनगरच्या वसाहतींमध्ये लोक पाण्याचा वार कधी येतो याची वाट बघत असतात. उजनी काठोकाठ भरलेली असताना सोलापुरात चार-पाच दिवसांआड नळ, हेही वर्षानुवर्षं चालत आलं. दोन्हीकडे धरण कमी पडत नव्हतं. पाणी आणणारी जलवाहिनी आणि ते वाटणारं जाळं कमी पडत होतं. तरीही सभागृहात पाण्याचा विषय निघाला की पहिला ठराव नव्या स्रोताचा होतो.

काय करायला हवं हे बहुतेकांना ठाऊक असतं: गळती थांबवा, मीटर बसवा, सांडपाणी वापरा. चुकतो तो क्रम. घरोघरी मीटर लागतात आणि मुख्य वाहिनीवर मीटरच नसतो. चोवीस तास पाण्याची घोषणा होते आणि झोन, म्हणजे जाळ्याचे स्वतंत्र भाग, वेगळे झालेलेच नसतात. म्हणून इथे क्रमाला धरूनच लिहिलं आहे. समोर दोन ते दहा लाख वस्तीचं, दिवसाआड पाणी येणारं शहर धरलं आहे; वाचणारे पाणीपुरवठ्याचे अभियंते असतील, नगरसेवक असतील किंवा प्रभागातले जागरूक रहिवासी.

तयारी : नकाशा आणि माणसं

कार्यालयातला जलवाहिन्यांचा नकाशा खरा आहे असं समजू नका. खरा नकाशा वॉल्वमनच्या डोक्यात असतो, आणि तो पुढच्या वर्षी निवृत्त होणार असतो किंवा ठेकेदाराकडे रोजंदारीवर असतो. मोठा कागद पसरून त्याला समोर बसवा आणि प्रत्येक चावीबद्दल (व्हॉल्व्हबद्दल) विचारा: किती फेरे उघडतोस? कोणत्या दिवशी? उघडल्यावर शेवटच्या घरात पाणी किती वेळाने पोचतं? ‘ही चावी आम्ही कधी पूर्ण बंद करत नाही, केली की पलीकडच्या गल्लीचं पाणी जातं’ असं वाक्य आलं की तिथे खूण करा. कागदावर नसलेली जोडणी तिथेच सापडते.

या कामाला एक अभियंता पूर्णवेळ द्या. त्याच्यावर अतिक्रमण, मतदारयाद्या आणि गणपती विसर्जनाची ड्यूटी टाकू नका. टाकणार असाल तर हा लेख इथेच सोडला तरी चालेल.

तपासा: नकाशावरचे कोणतेही दहा व्हॉल्व्ह चेंबर निवडा आणि जागेवर जाऊन उघडा. दोन-तीन डांबराखाली गेलेले, एखादा कचऱ्याने भरलेला, एखादी चावी गंजून फिरतच नाही, हे नेहमीचंच. निम्म्याहून अधिक निकामी निघाले तर आधी चेंबर मोकळे करा. पुढचं सगळं काम चाव्या फिरण्यावर अवलंबून आहे.

टप्पा १ : शहरात येणारं पाणी मोजा

मीटर बसवायची पहिली जागा घर नाही. क्रम असा: कच्चं पाणी उचलतो तिथे, जलशुद्धीकरण केंद्रातून पाणी बाहेर पडतं तिथे, मग प्रत्येक उंच टाकीच्या निर्गम वाहिनीवर.

मीटर नसताना ‘पंप इतके तास चालला, गुणिले पाटीवरची क्षमता’ असा हिशोब धरतात. दहा-पंधरा वर्षं चाललेला पंप पाटीवरचा प्रवाह देत नाही. त्यामुळे खरा मीटर लागला की शहराचं पाणी कागदावर एकदम कमी होतं आणि ‘मीटरच बिघडलाय’ अशी ओरड होते. हे आधीच लेखी सांगून ठेवा.

मीटरची जागा महत्त्वाची. इलेक्ट्रोमॅग्नेटिक मीटरच्या आधी वाहिनीच्या व्यासाच्या साधारण पाचपट आणि नंतर तीनपट सरळ लांबी लागते. पाइपवर बाहेरून लावायच्या अल्ट्रासोनिकला आधी दहापट, नंतर पाचपट. म्हणजे ६०० मिलिमीटरच्या वाहिनीवर पहिल्या प्रकाराला आधी ३ मीटर आणि नंतर १.८ मीटर सरळ पाइप हवा. जागा मिळत नाही म्हणून बेंडला किंवा व्हॉल्व्हला खेटून मीटर बसवला की तो आकडा रोज दाखवतो, फक्त खरा नसतो. वाहिनी पूर्ण भरून वाहत नसेल तरीही तेच.

तपासा: मीटर खरा की खोटा हे टाकीच सांगते. १६ मीटर व्यासाच्या गोल टाकीचं क्षेत्रफळ सुमारे २०१ चौरस मीटर, म्हणजे पातळी १ सेंटीमीटर उतरली की २ हजार लिटर गेले. आत येणारी चावी बंद ठेवून एक तास पाणी सोडा. पातळी ७५ सेंटीमीटर उतरली तर मीटरवर दीड लाख लिटरच्या आसपास आकडा पडायला हवा. पाच टक्क्यांहून जास्त फरक दिसला तर मीटरचा पुरवठादार बोलवा, बिल थांबवा.

त्याच टाकीवर आणखी एक चाचणी रात्री करा. दोन्ही चाव्या बंद ठेवून सहा तासांनी पातळी बघा. ३ सेंटीमीटर उतरली तर ६ हजार लिटर कुठेतरी गेले: टाकी झिरपते, किंवा बंद केलेली चावी पूर्ण बंद होत नाही.

टप्पा २ : हिशोब मांडा, पण टक्क्यांत अडकू नका

समजा वस्ती अडीच लाख आणि शुद्धीकरण केंद्रातून रोज ४० दशलक्ष लिटर पाणी बाहेर पडतं. म्हणजे माणशी १६० लिटर. भुयारी गटार असलेल्या शहरासाठी माणशी १३५ लिटर हा केंद्र सरकारचा ठरलेला निकष आहे. कागदावर लोकांना निकषापेक्षा जास्त पाणी मिळतंय आणि नळ मात्र दिवसाआड. इथेच नव्या धरणाची चर्चा थांबवून पुढची बेरीज मांडायची.

४० पैकी पाणीपट्टीच्या हिशोबात आलेलं २४. सार्वजनिक नळकोंडाळी, अग्निशमन, वाहिन्या धुणं यांत २. उरलेले १४ दशलक्ष लिटर, म्हणजे ३५ टक्के, गळती, चोरी आणि मंद चालणारे मीटर यांत वाटले गेले. हे १४ चे ६ झाले तर रोज ८ दशलक्ष लिटर मोकळे होतात. माणशी १३५ लिटरने ते सुमारे ५९ हजार लोकांना पुरतं. पाणी १०० मीटर वर उचलावं लागत असेल आणि पंप ६५ टक्के कार्यक्षमतेने चालत असतील, तर तेवढ्या पाण्यावर रोज तीन हजारांहून जास्त युनिट वीज जाते. स्थायी समितीत हा दुसरा आकडा पहिल्यापेक्षा लवकर पटतो, असा माझा अनुभव आहे.

नेहमीची चूक: मीटर नसलेल्या घरांचा वापर ‘१३५ धरा’ म्हणून भरून टाकणं. मग हवी तेवढी गळती काढता येते. त्याऐवजी बंगले, फ्लॅट, चाळ आणि झोपडपट्टी अशा चारही प्रकारांतली मिळून शंभरेक घरं निवडा, महिनाभर तात्पुरते मीटर लावा आणि त्या सरासरीवर बोला.

आणि गळती टक्क्यांत न मोजता दर जोडणीमागे रोज किती लिटर, अशी मोजा. उन्हाळ्यात पाणीकपात केली की टक्केवारी आपोआप हलते; काम काहीच झालेलं नसतं.

टप्पा ३ : झोन खरोखर वेगळे करा

एका झोनमध्ये साधारण एक ते तीन हजार जोडण्या, पाणी आत यायला एकच वाट आणि त्या वाटेवर मीटर. पुण्याच्या समान पाणीपुरवठा योजनेत शहराचे असे १४१ झोन आखले आहेत. आकडा तुमच्या शहरात वेगळा असेल, तत्त्व तेच.

झोन आखताना प्रभागाच्या सीमा वापरायचा मोह होतो, कारण प्रत्येक नगरसेवकाला ‘माझ्या प्रभागाचं पाणी’ वेगळं दिसायला हवं असतं. पाणी प्रभागरचना बघून वाहत नाही. झोन टाकीनुसार आणि जमिनीच्या उंचीनुसार आखा. एकाच झोनमध्ये नदीकाठ आणि टेकडी दोन्ही आली तर पुढचे सगळे टप्पे अवघड होतात.

सीमेवरच्या चाव्या बंद केल्या म्हणजे झोन वेगळा झाला असं नाही. चाचणी घ्या:

१. या झोनचा प्रवेशाचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा.
२. आतल्या सर्वांत सखल जागेचा वॉशआउट (वाहिनी रिकामी करायची चावी) उघडून वाहिनी रिकामी होऊ द्या.
३. शेजारच्या झोनला नेहमीप्रमाणे पाणी सोडा.
४. वॉशआउटमधून पुन्हा पाणी यायला लागलं, तर जुनी जोडणी कुठेतरी जिवंत आहे.

बहुतेक वेळा ती सापडते दोन समांतर वाहिन्यांच्या मधे, जुनी वाहिनी ‘बंद केली’ असं म्हणून नवी टाकली होती तिथे.

सावधान: सीमा बंद केल्या की काही गल्ल्यांत वाहिनीचं टोक तयार होतं आणि पाणी साचून राहतं. तिथे वॉशआउट ठेवा, आणि टोकाच्या नळाला शिल्लक क्लोरीन प्रतिलिटर ०.२ मिलिग्रॅमच्या खाली जात नाही ना, हे आठवड्याला बघा.

टप्पा ४ : गळती शोधण्याआधी दाब आवरा

वाहिनीला ६ मिलिमीटरचं भोक आहे आणि तिथे २० मीटर दाब (२० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका) आहे, असं धरा. तिथून तासाला सुमारे १,२०० लिटर पाणी जातं. वाहिनी चोवीस तास भरलेली असेल तर दिवसाला २९ हजार. दाब निम्मा, म्हणजे १० मीटर केला तर हेच २१ हजारांच्या आत येतं. प्लास्टिकच्या पाइपला पडलेली चीर दाबाने फाकते, त्यामुळे तिथे फरक आणखी मोठा पडतो. रस्ता न खोदता मिळणारी ही बचत आहे, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जातं.

उलट घडतं ते असं: उंचावरच्या वसाहतीतून तक्रार येते, विभाग मोठा पंप बसवतो, सखल भागातल्या वाहिन्या फुटायला लागतात, गळती वाढते, उंचावर पुन्हा पाणी कमी. उंच भागाला स्वतंत्र टाकी किंवा बूस्टर पंप द्या, सखल भागाच्या तोंडाला दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लावा. रात्री टाक्या भरून वाहतात का, हेही याच टप्प्यात बघा. पहाटे तीनला टाकीखाली उभं राहिलं की समजतं. ओव्हरफ्लोचा पाइप बहुतेक ठिकाणी थेट गटारात सोडलेला असतो आणि दिवसा कोणाच्या नजरेस पडत नाही.

तपासा: झोनमधलं पहिलं घर, सर्वांत उंच घर आणि शेवटचं घर, अशा तीन नळांना प्रेशर गेज लावून पाण्याच्या पूर्ण वेळेत दर दहा मिनिटांनी नोंद घ्या. तिन्ही आकडे एकमेकांच्या जवळ येईपर्यंत चाव्या जुळवत राहा.

टप्पा ५ : गळती शोधा आणि दुरुस्तीनंतर पुन्हा मोजा

मुख्य वाहिनी फुटली की कारंजं उडतं, बातमी होते आणि दोन दिवसांत दुरुस्ती होते. खरं पाणी जातं घरगुती जोडणीत: वाहिनीवरचं सॅडल (जोडणीचा पट्टा), फेरूल (वाहिनीतून घराकडे पाणी घेणारी छोटी तोटी), आणि तिथून गटारातून आडवा गेलेला गंजका जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप. ही गळती वर्षानुवर्षं वाहते, कारण पाणी वर येतच नाही, शेजारच्या गटारात उतरतं.

पुस्तकांत पद्धत दिलेली असते: पहाटे दोन ते चार या वेळेत झोनमध्ये शिरणारा प्रवाह मोजा, लोक झोपलेले असतात, म्हणजे ती गळती. दिवसाआड पाणी येणाऱ्या शहरात हे जसंच्या तसं लागू होत नाही, कारण पाणी आलं की प्रत्येकाची टाकी भरत असते. आपल्याकडे असं करा:

१. आठवडाभर आधी झोनमध्ये दवंडी, सोसायट्यांना पत्र. ज्या टाक्यांना बॉलकॉक नाहीत त्यांना ते बसवायला लावा. यात टाळाटाळ झाली तर पुढची चाचणी वाया जाते.
२. ठरलेल्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त वेळ पाणी सोडून सगळ्यांच्या टाक्या भरू द्या.
३. मध्यरात्रीनंतर झोन दाबाखाली तसाच ठेवा आणि प्रवाह एका पातळीला स्थिर होईपर्यंत थांबा.
४. टोकापासून सुरुवात करून एकेक गल्लीची चावी बंद करत या. प्रत्येक वेळी झोनच्या मीटरवरचा आकडा किती उतरला ते लिहा.
५. ज्या गल्लीला आकडा धाडकन उतरला, तिथे त्याच रात्री गळतीचा आवाज ऐकायची सळई घेऊन एकेक फेरूल, एकेक चेंबर ऐका. रहदारी नसते तेव्हाच हे जमतं.

दुरुस्ती म्हणजे सायकलची ट्यूब गुंडाळणं नव्हे. फेरूलपासून मीटरपर्यंतची जोडणी एमडीपीई (न गंजणाऱ्या प्लास्टिकच्या) पाइपने पूर्ण बदला आणि ती गटारातून न नेता वरून किंवा बाजूने न्या. वाहिनी रिकामी असते तेव्हा आत पोकळी तयार होते आणि गटारातलं पाणी त्याच भोकातून आत ओढलं जातं. पावसाळ्यातल्या काविळीच्या आणि जुलाबाच्या साथींचं मूळ अनेकदा इथेच असतं. काम संपल्यावर ती लांबी क्लोरीनने धुतल्याशिवाय पाणी सोडू नका.

सावधान: रस्त्याचं काँक्रीटीकरण मंजूर झालं असेल तर त्या रस्त्यावरच्या सगळ्या जोडण्या आधी बदला. बांधकाम आणि पाणीपुरवठा या दोन विभागांनी महिन्यातून एकदा एकत्र बसून रस्त्यांची यादी जुळवली तरी बरंच नुकसान टळतं. काँक्रीटखालची गळती दिसत नाही, ऐकू येत नाही आणि खोदायला कोणी परवानगी देत नाही.

अहवालात ‘तीनशे गळत्या दुरुस्त’ असं वाचलं की एकच प्रश्न विचारा: झोनचा रात्रीचा प्रवाह आधी किती होता, आता किती? कंबोडियातल्या नॉम पेन्ह शहरात १९९३ साली ७२ टक्के पाणी हिशोबाबाहेर जात होतं. दीड-दोन दशकांत ते सहा टक्क्यांच्या आसपास आलं. अमेरिकेतल्या बॉस्टन परिसराची गरज १९८०च्या दशकात दिवसाला ३०० दशलक्ष गॅलनच्या वर होती आणि कनेक्टिकट नदीचं पाणी वळवायची योजना चर्चेत होती. गळतीशोध आणि मागणी आटोक्यात ठेवण्याच्या कामांनंतर गरज २०० च्या आसपास उतरली, आणि नदी वळवावी लागली नाही.

टप्पा ६ : जोडण्या, घरगुती मीटर, दर

आता कुठे घरगुती मीटरची पाळी. त्याआधी जोडण्यांचं सर्वेक्षण करा आणि अनधिकृत जोडणी नियमित करायला एक ठरावीक मुदत द्या. मुदत संपल्यावर पहिली कारवाई मोठ्यांवर: बांधकामं, हॉटेलं, गाड्या धुण्याची केंद्रं. झोपडपट्टीत चोरीची जोडणी असते कारण अधिकृत जोडणीला मालकीची कागदपत्रं मागतात. तिथे कागदांची अट सैल करून हप्त्याने जोडणी द्या.

मीटरबाबत लोकांची एक तक्रार खरी असते: पाणी यायच्या आधी हवेने काटा फिरतो. वाहिनीवरचे हवा बाहेर सोडणारे एअर व्हॉल्व्ह दुरुस्त केल्याशिवाय मीटर लावलेत तर पहिल्याच बिलाला मोर्चा येईल. पहिले तीन-चार महिने फक्त नमुना बिल द्या, पैसे जुन्याच दराने घ्या.

दर टप्प्याटप्प्याने चढते ठेवा, म्हणजे वापर जास्त तसा वरच्या पाण्याचा दर जास्त. कराडजवळच्या मलकापूरने चोवीस तास मीटरने पाणी देताना हीच पद्धत वापरली. मात्र सोसायटीला एकच मीटर असेल तर टप्प्यांना फ्लॅटच्या संख्येने गुणायला विसरू नका. नाहीतर काटकसरीने राहणारी दोनशे कुटुंबं थेट सर्वांत महागड्या दरात जातात. ही चूक बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये होते आणि निस्तरायला वर्ष जातं.

टप्पा ७ : पाण्याचे तास वाढवा, एकेका झोनमध्ये

रोज दोन तास पाणी येतं तेव्हा गळतीही दोनच तास वाहते. तेच जाळं चोवीस तास भरलेलं ठेवलं की तीच भोकं बारापट वेळ वाहतील. म्हणून टप्पा ५ पूर्ण झालेल्या झोनमध्येच तास वाढवा. बेळगाव, हुबळी-धारवाड आणि कलबुर्गी या शहरांनी २००८च्या सुमारास चोवीस तास पाणी आधी निवडक भागांतच सुरू केलं, ते याच कारणाने.

तास वाढल्यावर वापर भडकेल ही भीती सहसा खोटी ठरते. दिवसाआड पाणी येतं तिथे नवं पाणी आलं की कालचं ‘शिळं’ म्हणून ओतून दिलं जातं. नळ कायम सुरू असला की पिंप भरून ठेवायचं कारण उरत नाही. अट एकच: मीटर आणि चढता दर आधीच लागू असावा.

टप्पा ८ : सांडपाणी, विहिरी, पाऊस

घरात आलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के गटारात जातं, आणि दुष्काळातही ते येत राहतं. इथे नियम एकच: आधी गिऱ्हाईक ठरवा, मग प्रकल्प बांधा. नागपूरचं भांडेवाडीतलं शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातं. चेन्नईने कोडुंगैयूर आणि कोयंबेडू इथे प्रत्येकी ४५ दशलक्ष लिटरचे प्रकल्प उद्योगांसाठी उभारले. एमआयडीसी, वीजकेंद्र, रेल्वे किंवा बांधकामं यांच्याशी लेखी करार नसताना बांधलेलं शुद्धीकरण केंद्र शुद्ध केलेलं पाणी परत नाल्यातच सोडतं. आणि नेणारी वाहिनी पिण्याच्या वाहिनीपासून वेगळ्या रंगाची, वेगळ्या चरात.

जुन्या विहिरी गाळ काढून बागांना आणि टँकरना जोडा. पाऊस मी मुद्दाम शेवटी घेतला, कारण बाकी सगळे त्याला पहिला नंबर देतात. ७०० मिलिमीटर पावसाच्या गावात ४०० चौरस मीटरच्या गच्चीवरून वर्षाला सव्वादोन लाख लिटर मिळतात. चाळीस कुटुंबांच्या इमारतीला ते जेमतेम दहा दिवसांचं पाणी. बोअरचं पुनर्भरण म्हणून उत्तम, शहराचा पुरवठा म्हणून नाही. राज्याच्या बांधकाम नियमावलीत ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांना ही सोय सक्तीची आहे. दाखला देताना खड्डा बघतात. तीन वर्षांनी तो गाळाने भरलाय का, हे कोणी बघत नाही. मे महिन्यात तपासणीची फेरी लावा.

टप्पा ९ : परवानगी आणि नव्या स्रोताचा अर्ज

प्रत्येक झोनचा एक पानी तक्ता दर महिन्याला काढा: आत आलेलं पाणी, बिल झालेलं पाणी, रात्रीचा प्रवाह, टोकाचा दाब, शिल्लक क्लोरीन. नव्या इमारतींना भोगवटा प्रमाणपत्र देताना नगररचना विभागाने हाच तक्ता बघावा. ‘टँकरने पाणी पुरवू’ हे बिल्डरचं हमीपत्र फायलीला लावून मोकळं होता येऊ नये.

हे सगळं करूनही काही शहरांना नवा स्रोत लागतो, हेही मान्य. त्या वेळी प्रस्तावाला तीन कागद जोडा: तपासलेल्या मुख्य मीटरच्या बारा महिन्यांच्या नोंदी, सर्व झोनचा दर जोडणीमागचा गळतीचा आकडा आणि सांडपाण्याच्या पुनर्वापराचे करार. यातला एखादा कागद नसेल तर फाईल संबंधित टप्प्यावर परत पाठवा.